कुत्र्याला मटण घालावे, पण कसे?

आपल्या कार्यक्षेत्रातल्या कुठल्याही वस्तीवर जा, माणसाच्या आधी कुत्रे सामोरे येते. उसात रानडुकरे शिरोत, विहिरीवरच्या मोटारीची केबल कापायला कोणी येवो, की बिबट्या गोठ्याभोवती फिरो, पहिली वर्दी तेच देते. या राखणीचा पगार म्हणून त्याला काय मिळते? उरलीसुरली भाकरी, थोडे ताक आणि रविवारी मटणाच्या ताटातली हाडे.

ही हाडे आणि मटणाचे उरलेले तुकडे आपण मायेनेच घालतो, त्यात शंका नाही. परंतु घालण्याच्या तीन पद्धती चुकीच्या आहेत. एक, कच्चे घालणे. दुसरी, मसाल्याचे कालवण घालणे. तिसरी, शिजलेली हाडे घालणे. शेवटच्या दोन पद्धतींनी कुत्र्याचा जीव धोक्यात येतो. पहिलीने घरातल्या माणसांचा, आणि त्यातही लहान मुलांचा. म्हणून आम्ही तिच्याविषयीच आधी आणि सविस्तर लिहीत आहोत.

कच्चे का नको?

जत्रा असो, जावळ असो, कंदुरी असो, बोकड दारात कापले जाते. गावातली निम्मी कुत्री त्या दिवशी भोवती बसलेली असतात. पोट फोडल्यावर काळजात किंवा फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेल्या पांढुरक्या गाठी दिसतात. काही वाटाण्याएवढ्या, काही लिंबाएवढ्या, काही त्याहून मोठ्या. तसला तुकडा माणसांच्या कामाचा नाही म्हणून कापणारा तो बाजूला काढतो आणि कुत्र्यापुढे टाकतो. नेमके इथेच सगळे बिघडते.

त्या गाठीत एका अगदी बारीक टेपवर्मची पिल्ले असतात. या रोगाला डॉक्टर हायडॅटिड म्हणतात. कुत्र्याने ती गाठ कच्ची खाल्ली की पिल्ले त्याच्या आतड्याला चिकटतात आणि साधारण दीड महिन्यात मोठी होतात. मोठी म्हणजे किती? जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी. एका कुत्र्याच्या पोटात असे हजारो जंत राहू शकतात आणि तरी कुत्रे आजारी दिसत नाही. ते खाते-पिते, भुंकते, शेपूट हलवते. फक्त त्याच्या विष्ठेतून त्या जंतांची अंडी बाहेर पडत राहतात.

ही अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. ती अंगणात पडतात, मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात पडतात, कुत्र्याच्या केसांना चिकटून बसतात. ओलसर, थंड जागी ती कित्येक महिने जिवंत राहतात. शेळ्या-मेंढ्या चरताना ती पोटात घेतात आणि त्यांच्या काळजात पुन्हा गाठ धरते. असे हे रहाट चालू राहते. या रहाटात माणसाचे काही काम नाही, पण तो मध्ये सापडतो. पोरगे कुत्र्याच्या गळ्यात पडते, त्याच हाताने भाकरी खाते आणि अंडे पोटात जाते.

पुढे काय होते ते लगेच कळत नाही, हीच यातली वाईट गोष्ट. माणसाच्या शरीरात ही गाठ बहुतेक वेळा यकृतात, त्याखालोखाल फुप्फुसात होते, आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढते. मूल पाच वर्षांचे असताना लागलेला रोग ते वीस-पंचवीस वर्षांचे झाल्यावर उजव्या कुशीत दुखू लागले, खोकला लागला की सोनोग्राफीत दिसतो. गाठ आतल्या आत फुटली तर अंगावर तीव्र ॲलर्जी येऊन माणूस दगावूही शकतो. उपचार आहेत. गोळ्या आहेत, सुईने गाठीतले पाणी काढून औषध सोडण्याची पद्धत आहे, शस्त्रक्रिया आहे. परंतु यातले काहीच स्वस्त नाही आणि सोपेही नाही. एका कच्च्या तुकड्यापायी हे सगळे घरात का आणायचे?

एका बेटाची हकीकत

युरोपच्या उत्तरेला आइसलँड नावाचे बेट आहे. तिथली वस्ती मेंढपाळांची. दर घराला मेंढ्या आणि दर घराला कुत्री. एकोणिसाव्या शतकात या रोगाने तिथे कहर केला होता. १८६३ साली हॅराल्ड क्रॅबे नावाचा डॅनिश शास्त्रज्ञ तिथे गेला. त्याने शंभर कुत्री तपासली, त्यांतल्या २८ कुत्र्यांच्या आतड्यांत हा जंत निघाला.

मग त्याने केले काय? एक छोटी पुस्तिका लिहिली. रोग कसा होतो, कुत्र्याला गाठीचे मांस का घालू नये, ते जाळावे किंवा पुरावे, हे साध्या भाषेत सांगितले. १८६४ साली ती पुस्तिका त्या देशात घरोघरी फुकट वाटली गेली. तिथले लोक वाचणारे. त्यांनी ती वाचली आणि तसे वागू लागले. पुढे कायदेही झाले, कुत्र्यांना जंताचे औषध देणे सुरू झाले, आणि विसाव्या शतकात तो रोग त्या बेटावरून नाहीसा झाला. न्यूझीलंडही मेंढ्यांचाच देश. तिथे १९५९ साली या रोगासाठी खास कायदा केला गेला आणि २००२ साली सरकारने देश या रोगातून जवळपास मुक्त झाल्याचे जाहीर केले. शेळ्या-मेंढ्यांच्या पोटातला कुठलाही भाग कुत्र्याला घालायचा तर आधी निदान अर्धा तास उकळायचा, असा तिथला नियम.

सांगायचे तात्पर्य, या रोगाला हरवायला मोठी इस्पितळे लागली नाहीत. कुत्र्यापुढे पडणारा कच्चा तुकडा थांबवावा लागला. आपल्या महाराष्ट्रातल्या कत्तलखान्यांतल्या तपासण्यांतही या गाठी आढळतात, तेव्हा हे परदेशातले दुखणे म्हणून सोडून देण्यासारखे नाही.

तेव्हा गाठ असलेला तुकडा शिजवूनसुद्धा कुत्र्याला घालू नये. तो चुलीत जाळावा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरावा. गाठ फोडून बघण्याचा खेळ तर मुळीच करू नये. बाकीचे आतडे, वजडी, फुप्फुस घालायचेच असेल तर लहान तुकडे करून, पाणी खळखळू लागल्यापासून अर्धा तास तरी उकळावे.

मेलेले जनावर आणि दुकानाचा कचरा

पूर्वी गावाबाहेर टाकलेले जनावर गिधाडे दोन-चार तासांत साफ करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधामुळे गिधाडे मेली आणि १९९० नंतरच्या काळात ती जवळजवळ दिसेनाशी झाली. जनावरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली, पण गिधाडांची जागा तोवर कुत्र्यांनी घेतली होती. ओढ्याकाठी टाकलेली मेंढी, पोल्ट्रीतली मेलेली पिल्ले, चिकनच्या दुकानामागचा पिसे-आतड्यांचा ढीग, हे सगळे कुत्र्याच्या पोटात कच्चेच जाते. त्यात जंत आहेत, हगवणीचे जंतू आहेत, कधी कधी विषही आहे. उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइड खाऊन मेलेली घूस कुत्र्याने खाल्ली तर कुत्रेही जाऊ शकते.

मेलेले जनावर सहा फूट खड्डा करून, वर चुना टाकून पुरावे. जनावर अचानक मेले असेल आणि नाकातोंडातून काळसर रक्त आले असेल तर फाशी म्हणजे काळपुळीचा संशय धरावा. त्याला सुरी लावू नये, जनावरांच्या डॉक्टरांना आधी कळवावे.

मसाल्याचे कालवण का नको?

"अहो, आमचं कुत्रं रोज कालवण-भाकर खातंय, त्याला काय धाड भरलीय?" असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे.

कांदा आणि लसूण यांतली काही द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. माणसाला हा त्रास होत नाही, कुत्र्याला होतो. कुत्र्याच्या दर किलो वजनामागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला तर रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम, दोन मध्यम कांदे, पुरे होतात. लसूण कांद्याहूनही तीव्र. शिजवल्याने, तळल्याने, वाळवल्याने हे विष जात नाही. उलट कांदा-लसूण मसाल्याच्या वाळल्या भुकटीत ते जास्त दाटलेले असते.

आणि परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. दोन-चार दिवसांनी कुत्रे मलूल होते, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी चहाच्या रंगाची होते, थोडे चालले की धाप लागते. तोवर रविवारचे कालवण सगळे विसरलेले असतात. "ऊन लागलं असंल," असे म्हणून विषय संपतो. रोज थोडे थोडे खाणारे कुत्रे लगेच मरत नाही हे खरे, पण त्याचे रक्त कमी होत जाते.

यात तेल-तिखट-मिठाची भर पडते. कटाची तर्री आणि चरबीचे तुकडे एकदम पुष्कळ खाल्ले तर कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते. ओकाऱ्या होतात, पोट दुखते म्हणून ते पाठ वाकवून उभे राहते, आणि काही कुत्री यातच जातात. द्राक्षबाग असलेल्या सभासदांनी आणखी एक लक्षात ठेवावे. द्राक्षे आणि बेदाणा खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे बंद पडू शकतात. किती दाण्यांनी, ते आधी सांगता येत नाही. तेव्हा बेदाण्याच्या शेडवरच्या कुत्र्याला मूठभर बेदाणा टाकण्याचे लाड करू नयेत.

हाडाचे काय?

"कुत्र्याचा जन्मच हाडासाठी, त्याला हाड नको म्हणजे काय!" हे आम्ही नेहमी ऐकतो. पण शिजलेले हाड वेगळे असते. शिजल्यावर ते ठिसूळ होते आणि चावल्यावर त्याच्या टोकदार सळया निघतात. कोंबडीचे हाड पोकळ, म्हणून तर ते फार वाईट. अशी सळई घशात अडकते, जठराला किंवा आतड्याला भोक पाडते, नाहीतर हाडांचा चुरा पुढे साचून शौच बंद होते. शंभर वेळा काही झाले नाही म्हणून एकशे एकाव्या वेळी होणार नाही, असे नाही.

कुत्रे एकसारखे तोंडावर पंजा मारू लागले, लाळ गळू लागली, खाल्लेले परत येऊ लागले, पोट फुगले, तर घरी हात घालून ओढाओढ करू नये. तेल पाजू नये. सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. ताटातली हाडे उकिरड्यावर उघडी टाकू नयेत, कुत्रे ती शोधणारच. पुरावीत.

शिजवावे कसे?

घरात मटण शिजतेच आहे, तेव्हा कुत्र्यासाठी वेगळा घाट घालण्याची गरज नाही. मटण धुतल्यावर, त्याला काहीही लावण्याआधी, कुत्र्याचा वाटा बाजूला काढावा. पुष्कळांचा समज असतो की अळणी रस्सा कुत्र्याला चालतो, त्यात तिखट नसते. तिखट नसते, पण बहुतेक घरांत अळणीतही कांदा, आले-लसूण आणि मीठ पडलेले असते. म्हणून वाटा कच्चेपणीच वेगळा व्हायला हवा.

तो वाटा जुन्या पातेल्यात नुसत्या पाण्यात टाकावा. मीठ नको, तेल नको, मसाला नको. चिमूटभर हळद पडली तर बिघडत नाही, पण तिचीही गरज नाही. चिकन असेल तर वीस-पंचवीस मिनिटे, मटण असेल तर मांस हाडापासून सुटेपर्यंत शिजवावे. कुकरमध्ये घातले तर लवकर होते. आत कुठेही गुलाबी राहता कामा नये.

मग ते पुरते निवू द्यावे. निवल्यावर वर चरबीचा थर येतो, तो काढून टाकावा. नंतर हाताने मांस कुस्करत एकेक हाड वेचून काढावे. कोंबडीच्या मानेतली आणि बरगडीतली बारीक हाडे नजरेला चुकतात, बोटांना चुकत नाहीत. म्हणून हे काम हातानेच करावे. राहिलेले पाणी फेकू नये, त्यात भाकरी कुस्करावी. कुत्रे ती आवडीने खाते.

उन्हाळ्यात शिजवलेले मांस तासाभरापेक्षा जास्त वेळ उघडे ठेवू नये, एरवी दोन तास. फ्रिज असेल तर तीन-चार दिवस टिकते. वास आलेले मांस "कुत्र्याला चालतंय" म्हणून घालू नये. त्यालाही जुलाब होतात.

किती घालावे?

नुसते मांस हे कुत्र्याचे पुरे अन्न नव्हे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे. वाढत्या पिल्लाला महिनोन्‌महिने नुसते मांसच घातले तर त्याची हाडे कच्ची राहतात, पाय वाकतात. काळीजही थोडेच घालावे, आठवड्यातून एखादा लहान तुकडा. त्यात अ जीवनसत्त्व फार असते आणि ते अंगात साठत जाते.

हिशेब साधा आहे. वीस किलोच्या, हिंडत्या-फिरत्या कुत्र्याला दिवसाला साधारण हजार कॅलरी लागतात. ज्वारीच्या तीन मध्यम भाकरींतून सातशेच्या आसपास येतात. चरबी काढलेले शिजलेले १०० ग्रॅम मांस दीडशे ते दोनशे देते. राहिले ते दूध-ताकात निघते. तेव्हा या वजनाच्या कुत्र्याला आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर मांस, एखाद्या दिवशी उकडलेले अंडे आणि रोजची भाकरी, एवढे वस्तीवर सहज जमण्यासारखे आहे. कुत्रे लहान असेल तर त्या मानाने कमी. पिल्लांसाठी आणि गाभण किंवा पाजणाऱ्या कुत्रीसाठी कॅल्शियम किती द्यावे ते मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

माळकरी घरांनी मनात किंतू आणू नये. कुत्रे मांसावाचून जगते. भाकरी, दूध, ताक, शिजवलेली डाळ, आणि चालत असेल तर अंडे, यांवर ते चांगले राहते. डाळ मात्र फोडणी देण्याआधीची असावी.

कुत्र्याला हगवण लागली तर हेच साधे चिकन औषधासारखे उपयोगी पडते. एक भाग हाडे काढलेले उकडलेले चिकन आणि दोन भाग मऊ भात, थोडे थोडे, दिवसातून तीन-चार वेळा, दोन-तीन दिवस. विष्ठेत रक्त असेल, पाणी पिलेले टिकत नसेल, किंवा ते लहान पिल्लू असेल, तर घरगुती उपाय करत बसू नये.

जंताचे औषध आणि हात धुणे

कच्चे मांस आजपासून बंद केले तरी आधीच पोटात गेलेल्याचे काय? त्यासाठी जंताचे औषध द्यावे लागते. या टेपवर्मवर प्राझिक्वांटेल नावाचे औषध चालते. जंताची प्रत्येक गोळी त्याच्यावर चालतेच असे नाही, म्हणून दवाखान्यात टेपवर्मचे नाव घेऊन मागावे आणि कुत्र्याचे वजन सांगावे. जिथे शेळ्या-मेंढ्या आहेत तिथे वर्षातून निदान चार वेळा ते द्यावे. औषध जंत मारते, पण अंडी मारत नाही. म्हणून औषध दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रे बांधून ठेवावे आणि त्याची विष्ठा पुरावी किंवा जाळावी. त्याच फेरीत पिसाळण्याविरुद्धची वार्षिक लसही टोचून घ्यावी.

मुलांना कुत्र्यापासून तोडू नका. त्यांना फक्त जेवणाआधी साबणाने हात धुवायला आणि कुत्र्याला तोंड चाटू न द्यायला शिकवा. वाफ्यातली मेथी-कोथिंबीर कच्ची खायची असेल तर वाहत्या पाण्यात नीट धुवा. वाफ्याला कुंपण घातले तर अधिकच चांगले.

कोपीपर्यंत पोचू द्या

हे सगळे एकट्यादुकट्याने करून भागत नाही. हंगामात आपल्या कार्यक्षेत्रात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, त्यांच्याबरोबर त्यांची कुत्री येतात. ऊस गेलेल्या रानात आपण मेंढ्या बसवतो, तेव्हा मेंढपाळांचीही कुत्री येतात. कुत्र्याला बांध नसतो. एका वस्तीवर टाकलेला गाठीचा तुकडा दुसऱ्या वस्तीवरच्या पोराच्या पोटात रोग धरू शकतो. म्हणून जे वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवावे, ही आमची सभासदांना विनंती आहे. पुढच्या जत्रेत बोकड कापणाऱ्यालाही एवढे सांगून ठेवावे की गाठीचा तुकडा कुत्र्यापुढे नको, चुलीत.

थोडक्यात ध्यानात ठेवायचे ते असे:

कच्चे मांस, आतडी, काळीज कुत्र्याला घालू नये.
गाठीचा तुकडा जाळावा किंवा खोल पुरावा.
मांस नुसत्या पाण्यात पुरते शिजवावे. कांदा, लसूण, मीठ, मसाला नको.
हाडे हाताने वेचून काढावीत.
मांस मूठभर, भाकरी रोजची.
टेपवर्मचे औषध वर्षातून चार वेळा, हात धुणे रोज.

रात्रभर जागून जे कुत्रे आपले घर राखते, त्याच्यासाठी मटणाचा एक वाटा मसाल्याआधी बाजूला काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तेवढ्याने कुत्रे धड राहते आणि घरातली पोरेही.